समुद्रात न गेलेलं कातडं

माझ्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर परवापर्यंत एक फ्रेम दिसायची. एका अमेरिकन रेकॉर्डच्या पाकिटाची ती मागची बाजू. खाली इंग्रजीत दोन ओळी छापल्या आहेत : माझ्या आईचा बँजो मुंबईतल्या मिस्टर परब यांनी वाचवला, त्यांचे उपकार आहेत. गिऱ्हाईक ते वाचायचं, माझ्याकडे बघायचं आणि एकदम ‘अरे परब’वरून ‘परबसाहेब’वर यायचं. त्या दोन ओळी खोट्या आहेत. लिहिणारा खोटं बोलला नाही. खोटं मी बोललो, त्यानं ते खरं मानून छापलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. माझ्या वडलांना बहुतेक न सांगताच कळलं होतं, त्यांनाही नाही.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना हवी होती ती फ्रेमचीच गोष्ट. ‘लालबागचा कारागीर आणि अमेरिकेचा लोकगायक! मस्त होईल. जरा गोड लिहा.’ मी हो म्हटलं. तीनदा गोड लिहिलं आणि तीनदा फाडलं. हे चौथं.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी बेंजो दुरुस्त करतो. आमच्या भागात बेंजो काय असतो हे कोणाला सांगावं लागत नाही. हातभर लांबीची लाकडी पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरला असत तशी बटणांची रांग. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या पट्टीनं तार छेडायची. पेटीला पिकअप, पिकअपला ॲम्प्लिफायर, आणि हे सगळं हातगाडीवर चढवून गणपतीपुढे. खाली ढोल-ताशांचा गदारोळ, त्याच्या वरून बेंजोची चाल गेली पाहिजे. त्यामुळे आमच्याकडे वाद्याला एकच पदवी असते : कडक. ‘परब, कडक झाला पाहिजे हां. काळाचौकीला वाजवला की हिंदमाताला साडी घेणारी बाई वळून बघितली पाहिजे.’ एका बेंजो पार्टीच्या राणेंना मी तार इतकी ताणून दिली की दर दोन गाण्यांनी ती तुटायची. तक्रार करायला येतील म्हणून मी धास्तावलो होतो. ते आले ते पेढे घेऊन. म्हणाले, ‘तार तुटू दे रे, कान फुटले ना!’

वडील, म्हणजे बाबा, गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापडाचे माग चालवायचे. संप झाला, गिरणी गेली, आणि घरात बसून करायचं काय म्हणून त्यांनी शेजाऱ्याचा बिघडलेला बेंजो उघडला. तिथून आमचं दुकान सुरू झालं. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, कानावर विश्वास ठेव. दुसरी, ‘गिऱ्हाईक सांगता त्यापेक्षा एक काम जास्त करून देवचा. न सांगता.’ म्हणजे कोणी पिकअप बदलायला आणला, तर आपण बटणांना तेल घालून द्यायचं. लोक त्यामुळे परत येतात. मी आयुष्यभर हा नियम पाळला. त्या रेकॉर्डवाल्या हॉलिस यांच्या वाद्यावरही पाळला.

नऊ वर्षं झाली. गणपतीला तीन आठवडे उरले होते. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे उघडे बेंजो. अशात दादरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या देसाईबाई आल्या. त्या गिरणगावातली गाणी गोळा करतात, बाबांकडेही पूर्वी येऊन गेल्या होत्या. त्यांच्यामागे वाकून आत आलेला एक म्हातारा गोरा माणूस. सव्वासहा फूट तरी असेल. पंचाहत्तरीच्या पुढचा. धुऊन धुऊन पांढरा पडलेला निळा शर्ट आणि काखेत एक गोल तोंडाची पेटी.

‘परब, यांचा बँजो बिघडलाय,’ बाई म्हणाल्या. ‘गिरगावात दोन ठिकाणी विचारलं, दादरला विचारलं. सगळे म्हणाले, बेंजो? लालबागला परबांकडे जा.’

त्या माणसानं पेटी उघडली आणि मी बघतच राहिलो. बटणं नाहीत, पेटी नाही. लाकडाचं गोल कडं, त्यावर ताणलेलं कातडं, त्यातून निघालेली लांब दांडी आणि पाच तारा. कोपऱ्यात स्टुलावर बसलेले बाबा पुढे वाकले.

‘ह्यो खयचो बेंजो? ही तर ढोलकी. तिका दांडो लायल्यानी.’

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा तो माणूस इतका मोठ्यानं हसला की समोरच्या चहावाल्यानं मान वर केली. म्हणाला, ‘आयुष्यभर लोकांना समजावतोय की हे काय आहे. एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.’

हेच हॉलिस. आडनाव लिहीत नाही. अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ भागातले. बाईंच्या कॉलेजानं त्यांना गायला बोलावलं होतं. गिरगावात बाईंच्या आत्याची खोली रिकामी होती, तिथे उतरले होते. आठ दिवसांनी दादरच्या एका सभागृहात कार्यक्रम होता. मी ‘साहेब’ म्हटलं तर त्यांनी हात हलवला : हॉलिस म्हणा. म्हणून मीही इथे तसंच लिहितो, पण मनात ते कधी अरेतुरेचे झाले नाहीत.

तक्रार साधी होती. पाचवी तार आखूड असते. ती दांडीच्या मधूनच सुरू होते आणि तिची लाकडी खुंटी तिथेच बाजूला असते. मुंबईच्या हवेनं ती फुगून अडकली होती. कातडंही ओलाव्यानं सैल पडलं होतं, मी बोटानं टिचकी मारली तर ‘ढप्’ असा आवाज आला. मी तोंड वाकडं केलं. त्यांनी ते पाहिलं.

‘फक्त खुंटी,’ ते म्हणाले. ‘कातड्याला हात लावू नका. ते आईचं आहे. तिलाही पावसात बोलायला आवडायचं नाही.’

मग बाईंमार्फत त्यांनी सांगितलं. बँजोचं लाकूड मामानं तासलेलं, कातडं आईनं कमावलेलं. त्यांच्या डोंगरात बीळ करून राहणारं, सशाएवढं एक जनावर असतं. बाईंना शब्द सापडेना, त्या म्हणाल्या, ‘घुशीचा थोरला भाऊ समजा.’ त्याचं कातडं. दिवसाची कामं उरकली की आई ओट्यावर बसून वाजवायची, करंगळी कातड्यावर टेकून, अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं. कातड्यावर दोन डाग होते, एक लहान आणि त्याला चिकटून एक मोठा. लहान डाग आईच्या करंगळीचा. मोठा हॉलिस यांचा. सत्तर वर्षं दोन करंगळ्या एकाच जागी टेकत होत्या.

आणि त्यांनी वाजवून दाखवलं.

मी सकाळपासून रात्रीपर्यंत वाद्यांचा आवाज ऐकणारा माणूस आहे, मला सहसा काही होत नाही. पण त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच हवेत राहिला. आवाज मोठा नव्हता, गोडही नव्हता. शेजारच्या खोलीत कोणीतरी आपल्याबद्दल प्रेमानं बोलतंय आणि शब्द कळत नाहीत, तसा होता. अंगठा पुन्हा पुन्हा त्या आखूड तारेवर यायचा, तो सूर कधी थांबायचाच नाही. हॉलिस यांचे डोळे मिटलेले. त्यांची दोन बोटं वाकडी होती, पण वाजवताना ती वाकडीच असायला हवीत असं वाटायचं.

बाबा त्यांचे हात बघत होते. बाबांच्या उजव्या हाताचं एक पेर साच्यात गेलेलं. वाजवणं थांबल्यावर त्यांनी आपला हात पुढे केला, ते तुटकं बोट हॉलिस यांच्या वाकड्या बोटांजवळ धरलं आणि विचारलं, ‘तू गिरणीत होतंस काय रे?’

‘खाणीत,’ बाईंनी सांगितलं. ‘दोन वर्षं. त्यांचे वडील आयुष्यभर. छातीत धूळ जाऊन गेले.’

‘कोळशाची?’

‘हो.’

‘आमची कापसाची,’ बाबा म्हणाले, आणि स्टूल त्यांच्याजवळ सरकवलं.

त्यानंतर हॉलिस रोजच येऊ लागले. खुंटी दुसऱ्याच दिवशी झाली होती. काढून वाळवली, किंचित घासली, खडू लावून बसवली. पण ते येत राहिले. बाई कधी असत, कधी नसत. दोघे म्हातारे एकमेकांची भाषा न समजता तासन् तास बसत. बाबा मालवणीत बोलत, हॉलिस इंग्रजीत, आणि दोघेही अधूनमधून ‘हां, हां’ म्हणत. मी चिडवलं, ‘बाबा, काय कळतं हो तुम्हाला?’ तर म्हणाले, ‘तुका मराठी कळता म्हणान माझा काय कळता?’

आणि एका दुपारी बाबा गायले.

गिरणीच्या दारातल्या गेटसभेत ते गात असत हे मी लहानपणी पाहिलं होतं. संपानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. माझ्या आईनं सांगून झालं, बाईंनी रेकॉर्डर समोर ठेवून झालं. ‘आवाज गेलो’ एवढंच म्हणायचे. त्या दुपारी हॉलिस नुसतीच एक चाल घोळवत होते आणि बाबांनी त्या चालीवर आपलं एक जुनं कडवं टाकलं. आवाज फाटका, दम पुरत नव्हता. हॉलिस यांनी मान वर केली नाही. त्यांनी वाजवणं आणखी हळू केलं, बाबांच्या दमाएवढं. बाबा जिथे थांबत तिथे तेही थांबत, फक्त ती आखूड तार चालू, म्हणजे बाबांना परत यायला जागा राहायची. मी पाठ फिरवून एका बेंजोचे स्क्रू उगाचच काढत बसलो, कारण मला तोंड दाखवायचं नव्हतं.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या नाचायच्याच बाकी होत्या. ‘बाबा, कार्यक्रमात गायचं तुम्ही! यांच्याबरोबर, स्टेजवर!’ बाबांनी नाही म्हटलं नाही. आमच्या घरात ते हो म्हणण्यासारखंच होतं. त्यांनी ठेवणीतलं धोतर बाहेर काढायला सांगितलं.

इथून पुढचं लिहिताना हात जड होतो.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी हॉलिस बाईंबरोबर परळच्या मूर्तींच्या कारखान्यांत फिरायला जाणार होते. बँजो माझ्याकडे ठेवून गेले. ‘हवा फार ओली आहे, तुमच्याकडे बरा राहील.’ दुपारची वेळ, बाबा जेवून घरी पडलेले. मी बँजो हातात घेतला आणि टिचकी मारली. ढप्.

मला स्टेज दिसलं. दादरची माणसं, पुढच्या रांगेत प्राध्यापक. बाबा तीस-पस्तीस वर्षांनी गाणार आणि मागे हे ढप् ढप्. लोक हसतील. ऐकूच जाणार नाही. इतके दिवस ज्या आवाजानं मी हलत होतो तो माझ्या कानात होता, पण हातात लालबाग होतं. वाद्य कडक नाही म्हणजे कारागिरानं काम केलं नाही. थोडं सुकवून देऊ, न सांगता. एक काम जास्त.

आमच्याकडे मिरवणुकीआधी ढोलकी, हलगी तापवतात. पूर्वी कागद पेटवून, आता हॅलोजन लावून. मी दोन हॅलोजन लावले आणि बँजो त्यांच्यापुढे टेकवला. कातडं सुकू लागलं. टिचकी मारली, ‘टप्’. छान. आणखी जरा. कड्याला भोवती आकडे असतात, त्यांचे नट फिरवले की कातडं खाली ओढलं जातं. एकेक करून अर्धा आटा फिरवला. टिचकी मारली, ‘टण्’. माझ्या अंगावर काटा आला. आहा, आता कसा बोलायला लागला! अजून अर्धा आटा.

कातडं फाटलं तेव्हा आवाज फटाक्यासारखा झाला नाही. कोणीतरी जोरात श्वास आत घ्यावा तसा झाला. कडेपासून सरळ मधोमध, दोन डागांच्या मधून. लहान डाग एका बाजूला, मोठा दुसऱ्या. आणि कडेला, जिथे हॅलोजन फार जवळ होता, तिथे चंद्रकोरीसारखा करपलेला तपकिरी पट्टा.

बाबांच्या काठीचा आवाज आला तेव्हा भानावर आलो. कातडं उतरवून एका मोडक्या बेंजोच्या पेटीत सरकवलं, हॅलोजन बंद केले. बाबा दारात थांबले.

‘कायतरी करपल्याचो वास येता रे.’

‘सोल्डरिंग केलं, बाबा.’

ते आत आले. हॅलोजनकडे बघितलं. ते अजून गरम होते, वर हवा थरथरत होती. मग उघड्या पडलेल्या त्या कड्याकडे बघितलं. स्टुलावर बसले आणि संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी हॉलिस आणि बाई आले. मी रात्रभर वाक्य घोकलं होतं. ‘पावसानं फाटलं. जुनं होतं. मी सकाळी उघडलं तर असंच.’ बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं, हळू आवाजात. हॉलिस यांनी रिकाम्या कड्यावरून हात फिरवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या, ‘ते म्हणतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सत्तर वर्षं पुरलं, खूप झालं.’

म्हणजे समजूत ते माझी घालत होते.

‘जुनं कातडं मिळेल का, विचारतायत. त्यांना घरी न्यायचंय.’

करपलेली चंद्रकोर माझ्या डोळ्यांपुढे आली. पावसानं कातडं करपत नाही, हे कोणालाही कळलं असतं. मी म्हटलं, ‘टाकलं.’

बाईंचा चेहरा पडला. मग त्यांना एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं. ‘टाकलं म्हणजे... पाण्यात सोडलं ना? आपण देवाचं काही जुनं झालं की सोडतो तसं? कचऱ्यात नाही ना टाकलं तुम्ही?’

हॉलिस यांना वाईट वाटू नये म्हणून बाईंनी ते दार उघडं करून दिलं होतं. मी मान हलवली. मी त्यातून गेलो.

बाईंनी हॉलिस यांना सांगितलं. आदल्याच दिवशी त्यांनी मूर्ती पाहिल्या होत्या, विसर्जन म्हणजे काय ते ऐकलं होतं. इतकी मेहनत करून घडवलेलं तुम्ही समुद्राला देऊन टाकता, यावर ते दिवसभर बोलत होते म्हणे. बाई बोलत होत्या आणि मी त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघत होतो. तो आतून उजळत गेला. डोळे भरले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि एकच वाक्य म्हणाले. एवढं इंग्रजी मला कळलं. बाईंना सांगायची गरज पडली नाही.

‘माझ्या आईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता.’

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर? हा प्रश्न मी नऊ वर्षं विचारतोय. तेव्हा मला वाटलं, सांगितलं तर त्यांचा आनंद हिरावून घेतल्यासारखं होईल. ही पळवाट होती. माझी इज्जत वाचत होती म्हणून मी गप्प बसलो.

परळला ढोलक्या भरणारे अन्वरभाई आहेत, त्यांच्याकडून बकऱ्याचं पातळ कातडं आणलं. त्यांनी बजावलं, ‘भिजवा, चढवा, सावलीत सुकू द्या. गर्मी नाही दाखवायची, परबभाई. कातडं घाबरतं.’ ‘माहीत आहे’ असं म्हणताना माझी जीभ कशी वळली कोण जाणे.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबांनी धोतर परत ट्रंकेत ठेवायला सांगितलं. ‘पाय दुखतत. माका जमाचा नाय.’ बाई मनवायला घरी आल्या, हॉलिस स्वतः जिना चढून आले. बाबांनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला, पण उठले नाहीत. पाय दुखत होते की तो करपल्याचा वास आडवा आला, मी कधी विचारलं नाही. तीन वर्षांनी ते गेले. मग विचारायचंच राहिलं.

सभागृह भरलं होतं. मी मागे बसलो. हॉलिस आले, खुर्चीत बसले, बँजो मांडीवर घेतला, करंगळी टेकायला गेले आणि ती घसरली. नवं, गुळगुळीत कातडं, तिथे कसलीच जागा झालेली नव्हती. त्यांनी पुन्हा टेकली, पुन्हा घसरली. मग पहिली तार वाजली आणि सभागृहभर घुमली. टण्. कडक. हिंदमातापर्यंत जाईल असा.

लोकांना काहीच कळलं नाही. मला कळत होतं. पहिल्या दोन गाण्यांत ते तो जुना आवाज शोधत होते. तिसऱ्या गाण्याला त्यांनी करंगळी उचललीच. टेका न घेता, अख्खा हात अधांतरी ठेवून, नखांऐवजी बोटांच्या मऊ भागानं वाजवायला लागले. शहात्तर वर्षांच्या माणसानं सत्तर वर्षांची सवय पाचशे लोकांसमोर खाली ठेवली आणि नवा हात शोधला. चुकत होते. एकदा हसून थांबले, पुन्हा सुरू केलं. आणि अर्ध्या तासानं तो आवाज आला. तसाच नाही, त्याच्या धाकट्या बहिणीसारखा. मी इतक्या लोकांची वाद्यं वाजती केली आहेत. असं वाजवणं मी पुन्हा पाहिलं नाही, आणि पाहीन असं वाटत नाही.

मधे ते आयुष्याबद्दल थोडं बोलले, बाई मराठीत सांगत होत्या. खाणीच्या संपात अख्खा हिवाळा फाटकाबाहेर बसून गायले होते. मारहाण झाली तेव्हा बँजो कोटाखाली घेऊन त्यावर पालथे पडले, म्हणून बोटं मोडली आणि बँजो वाचला. पुढे शहरांत अशा गाण्यांचे दिवस आले. एका मोठ्या कंपनीनं करार पुढे ठेवला, अट एकच होती. हे जुनं कातडं काढा, प्लास्टिकचं बसवा, आवाज खणखणीत येईल. हॉलिस यांनी करार परत दिला आणि शाळेची बस चालवायला लागले. निवृत्त होईपर्यंत बसच चालवली. सुट्ट्यांत जत्रांमधून, चर्चमधून, कामगारांच्या सभांमधून गायले. रेकॉर्डी काढल्या त्या मित्रांच्या मदतीनं, गाडीच्या डिकीतून विकल्या.

मारणाऱ्यांना जमलं नाही, कंपनीला जमलं नाही. ते मी एका दुपारी दोन हॅलोजन लावून केलं.

शेवटी त्यांनी मला उभं केलं. ‘मिस्टर परब!’ टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

हॉलिस अमेरिकेला परत गेले, वर्षभरानं फ्रेममधली ती रेकॉर्ड आली. कोणीतरी पेपरात छापलं. गिऱ्हाइकं वाढली, पुण्याहून माणसं येऊ लागली. मुलीनं कौतुकानं फ्रेम करून आणली. ‘नको’ म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

एक मात्र बदललं. न सांगता जास्तीचं काम करणं मी बंद केलं. पूर्वी विचारायचो, काय बिघडलंय? आता आधी विचारतो, काय तसंच ठेवायचं? लोक चक्रावतात. पण गिरगावातून एक लेलेआजी आल्या होत्या, नवऱ्याची पेटी घेऊन. हार्मोनियम मी सहसा घेत नाही. त्यांना विचारलं तर पटकन म्हणाल्या, ‘भाता दुरुस्त करा. पण वरच्या सप्तकातला नी जरा रडका आहे, तो तसाच राहू द्या. हे त्यालाच वैतागायचे.’ मी भाता शिवला आणि त्या रडक्या नीला बोटसुद्धा लावलं नाही. आजींनी तो वाजवून बघितला, समाधानानं मान हलवली. माझ्या कामाची खरी पावती म्हणाल तर ती. पण तिनं आधीचं फिटत नाही.

यंदा मार्चमध्ये बाईंनी एक ईमेल छापून आणून दिली. हॉलिस गेल्या हिवाळ्यात गेले. पत्र त्यांच्या मुलीचं, एलनचं. तिनं लिहिलंय की शेवटच्या वर्षी त्यांनी एकच गाणं केलं. एक बाई असते, तिनं डोंगरापलीकडे काही पाहिलेलं नसतं. म्हातारपणी तिची ढोलकी तिला न सांगता निघते आणि मुंबईच्या समुद्रात पोहायला जाते. ‘ढोलकी’ हा शब्द त्यांनी गाण्यात तसाच ठेवलाय. बाबांचा शब्द.

पुढे लिहिलंय : मी गणपतीनंतर मुंबईला येत आहे. वडिलांची थोडी रक्षा घेऊन. आजीचं कातडं तुम्ही जिथे सोडलंत तिथेच त्यांना सोडायचं आहे. ती जागा मला दाखवाल का?

बाई म्हणाल्या, ‘किती सुंदर ना, परब? तुम्ही गिरगाव चौपाटीलाच सोडलं असेल ना?’

‘सांगतो,’ मी म्हटलं.

महिने गेले. मी सांगितलेलं नाही. चौपाटीवर कुठेही बोट दाखवलं असतं तर चाललं असतं, समुद्र काही साक्ष देत नाही. दोनदा तिकडे जाऊनही आलो, जागा बघायला. वाळूत उभा राहिलो आणि लक्षात आलं की आपण आणखी एक खोटं कुठे उभं राहून बोलायचं ते ठरवतोय. परत आलो, फ्रेम भिंतीवरून उतरवली. बायकोनं विचारलं, ‘काच फुटली काय?’ म्हटलं, ‘नाही. बसूया, तुला एक सांगायचंय.’ आणि तेही सांगितलं नाही. म्हणून लिहितोय. ती हे छापलेलं वाचेल.

बाई, तुम्हीही वाचाल. एलनला हे इंग्रजीत तुम्हीच सांगायचं आहे. एकच विनंती. या वेळी माझ्यासाठी चांगला शब्द शोधू नका. मी फाडलं, असंच सांगा. लपवलं, असंच सांगा.

बाबांच्या ट्रंकेत, त्यांच्या त्या न नेसलेल्या धोतराच्या घडीत, मोडक्या बेंजोच्या पेटीतून काढून मीच ठेवलेलं ते कातडं आहे. अकरा इंच, मधोमध फाटलेलं, एका कडेला करपलेलं, दोन करंगळ्यांचे डाग शाबूत. ते मला हॉलिस यांना द्यायचं होतं. आता ते एलनला द्यायचं आहे, आणि देताना तिच्या वडिलांच्या शेवटच्या गाण्यातली ढोलकी समुद्रात कधी गेलीच नाही, हे तिच्या तोंडावर सांगायचं आहे. एवढं देणं आहे. अजून दिलेलं नाही.